रंगवलेलं दार

१

माझा डावा कान कुठे गेला ते शेवटी सांगतो. घाई कशाला? जिन्यात बसलोय, खिशात विजेच्या बिलाचं पाकीट आणि पेन्सिलीचं थोटूक आहे, आणि वेळ तर ढिगाने आहे.

मी सातवी नापास. दोनदा. तिसऱ्या खेपेला हेडमास्तरांनीच हात जोडले आणि मी मोठ्या मनाने त्यांना मोकळं केलं. पुढे बऱ्याच उचापती करून खेळघर काढलं. एक खोली, आठ कॉम्प्युटर, दोन पंखे, त्यातला एक फिरायचा. माझ्या खेळघराची खासियत अशी की गोळ्या घालायच्या खेळातल्या राक्षसांना मी ओळखीचे चेहरे चिकटवून द्यायचो. तुमच्या साहेबाचा फोटो आणून द्या, संध्याकाळपर्यंत साहेब कुऱ्हाड घेऊन तुमच्या अंगावर धावून येणार आणि तुम्ही त्याच्या टाळक्यात बंदूक रिकामी करणार. माणसं हसत घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच साहेबाला वाकून नमस्कार करायची. मी समाजसेवाच केली म्हणा ना.

स्वतःसाठी मी त्या खेळात आमचं घरच बांधलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचं, हेच. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, निजायची खोली, न्हाणीघर, सगळं मापात. बाहेरचं दार तेवढं भिंतीवर रंगवून टाकलं. उघडणार नाही, बंद होणार नाही, नुसतं चित्र. पलीकडे जिना वगैरे बांधायचा मला कंटाळा आला. घरात सोडले सतरा राक्षस. सासूबाई होत्या, हेडमास्तर होते, एक व्याही, दोन शेजारी. सोळा चेहरे मी चिकटवले. सतरावा माझ्या पाठीमागे पैलवानाने चिकटवला.

पैलवान म्हणजे हिचा धाकटा भाऊ. वजन ओल्या टॉवेलइतकं, म्हणून पैलवान. सतराव्याला त्याने माझा चेहरा लावला होता. चाळिशीतला, जाड मिशीवाला. मिशी मी पुढे काढली, त्यालाही बारा वर्षं झाली. दर रविवारी आम्ही दोघं बसून आमच्याच घरात आमचीच माणसं कापायचो. ही म्हणायची, "लोक रविवारी झोपा काढतात. तुम्ही माझ्या आईला मारता."

आता हिच्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. मी थाप मारली की माझा डावा कान लाल होतो, हे जगात फक्त हिला ठाऊक. मी दोनदा मेल्याचं सोंग केलंय. पहिल्या वेळी ही रडली. दुसऱ्या वेळी तिने आधी कान बघितला आणि माझ्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं. "खरंच मेलात ना," ती म्हणाली, "तरी मी आधी कानच बघणार."

२

पैलवानाच्या छातीचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर फोनवर म्हणाला, "दाजी, मरायच्या आधी एकदा तुमच्या सासूबाईंना मारायचंय."

"तुझी आई आहे रे ती."

"म्हणून तर."

सीडी बिस्किटांच्या डब्यात सुखरूप होती. कॉम्प्युटर मात्र सगळे भंगारात गेलेले. घरात होता लेकीने दिलेला नवा मॅक. पातळ, चकचकीत, हात लावला तर डाग पडणारा, सीडीसाठी बाहेरून वेगळा खोका जोडावा लागणारा. लेक, म्हणजे आमची चिमणी, दुसऱ्या गावी कॉम्प्युटरचंच काम करते. दुपारी ही जेवून आडवी झाली की मी चिमणीला फोन लावायचा, असा आठवडाभर नेम चालला.

"बाबा, तुमचा खेळ विंडोजवरचा. मॅकला ती भाषा कळत नाही. मधे दुभाषी बसवावा लागेल."

"बसवू. खातो काय तो?"

"ऐका तर. आधी एक बाटली तयार करायची."

आतून लगेच आवाज आला. "कसली बाटली?" हिला झोपेतही हा शब्द बरोबर ऐकू येतो.

"बाटली म्हणजे डिस्कवरची एक बंद जागा," चिमणी म्हणाली. "तिच्यात खोटं विंडोज. खेळाला आत सोडायचं. त्याला वाटतं आपण जुन्याच कॉम्प्युटरमध्ये आहोत."

"म्हणजे खेळाला फसवायचं."

"हो."

"मग मला शिकवतेस काय?"

"आणि बाबा, शेवटी एक चौकोन येईल. बाटलीला बाहेरची पूर्ण डिस्क दिसू द्यायची का, असं विचारेल. त्यात खूण करायची नाही. तिकडे तुमचे फोटो, कागद, सगळं आहे. बाटली बंदच राहू दे."

"बरं," मी म्हणालो. कान गरम झाला.

आता मला सांगा, ज्याला जन्मभर लोकांनी 'हात लावू नको' म्हटलं आणि ज्याने जन्मभर हात लावला, तो साठी उलटल्यावर सुधारणार आहे का? केली खूण.

पहिल्या दिवशी पडदा काळा. दुसऱ्या दिवशी सगळे नातेवाईक जांभळे. तिसऱ्या दिवशी खेळ चालला, पण चालला कसला, सुसाटला. जुने खेळ यंत्राच्या ठोक्यावर पाय टाकतात आणि हे नवं यंत्र दहा घोड्यांचं. एक कळ दाबली की माझी पावलं पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखी वाजायची. मला दिसेपर्यंत सासूबाई येऊन मला खाऊन गेलेल्या असायच्या. चिमणीने वेग कमी करायचा एक चौकोन दाखवला. तिथे आकडा घातला आणि घर ताळ्यावर आलं.

३

त्या दुपारी मी मन लावून कत्तल केली. हेडमास्तरांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गाठलं आणि दोन्ही नळ्या त्यांच्या चष्म्यात झाडल्या. चष्म्यासकट डोकं मागच्या फळीवर गेलं. व्याही पलंगाआडून निघाले, त्यांना गुडघ्यापासून वर हप्त्याहप्त्याने संपवलं. सासूबाईंना मान म्हणून शेवटी ठेवलं. भिंती लाल, फरशी लाल, आणि पलीकडच्या खोलीत त्यांची लेक संथ घोरत होती. बऱ्याच वर्षांनी इतकं बरं वाटलं.

न्हाणीघरात एक शेजारी मात्र नजरेतून सुटला होता. त्याला उडवला आणि त्याच्यामागच्या भिंतीवर मला दांडी दिसली.

स्टीलची, आडवी. मी मागच्या महिन्यात साबणावरून घसरलो, तेव्हा प्लंबरने आमच्या खऱ्या न्हाणीघरात बसवलेली धरायची दांडी. तिचा एक स्क्रू त्याने तिरका मारलाय. खेळातलाही तिरका होता.

मी खुर्चीवरून उठून न्हाणीघरात जाऊन आलो. दांडी होती. परत येऊन पाहिलं, तिकडेही होती. मग माझ्या अर्ध्या शिक्षणाने मी विचार केला. खूण मी केली, बाटलीला बाहेरचं दिसतं, बाहेर फोटो आहेत, प्लंबरला दाखवायला मी दांडीचा फोटो काढला होता. जुळलं. खेळ फोटो बघून भिंती रंगवतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मॅकबद्दल मला कुणी काय सांगितलंय?

मग गणती बघितली. कोपऱ्यात आकडा असतो, किती मारले, किती राहिले. सतरापैकी सोळा.

मिशीवाला कुठेच नव्हता. पलंगाखाली नाही, कपाटात नाही. मी घरभर हिंडलो आणि बैठकीच्या खोलीत येऊन थांबलो.

बाहेरचं दार उघडं होतं.

ते दार मी रंगवलेलं. त्याला बिजागरी नाही, जाडी नाही, पलीकडे काही नाही. ते आता भिंतीपासून हातभर सुटलं होतं आणि फटीतून आमचा जिना दिसत होता. मी न बांधलेला. वरून तिसऱ्या पायरीचा टवका उडालाय, तोसुद्धा होता.

मला हसू फुटलं. म्हटलं, वा रे पैलवाना. छातीला टाके घालून घेतलेस आणि चिमणीला हाताशी धरून माझीच टोपी उडवलीस. गुरूची विद्या गुरूला.

४

पाणी पिऊन आलो तर खेळ आपला आपण चालला होता. जुन्या खेळांची ही खोड आहे. थोडा वेळ कळ दाबली नाही की ते स्वतःच खेळून दाखवतात. आम्ही त्याला डेमो म्हणायचो. आधी कुणीतरी खेळून ठेवलेलं तसंच्या तसं दिसतं, आपण नुसतं बघायचं.

डेमोत कुणीतरी रस्त्याने चाललं होतं. माणूस दिसत नव्हता, त्याच्या डोळ्यांना दिसेल ते दिसत होतं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात कुऱ्हाडीचं पातं, पावलागणिक हलणारं. कोपऱ्यावरचा न्हावी आला. औषधांचं दुकान आलं. मग एक जिना, आणि हिरवं दार. पैलवानाचं. तो त्या घरात राहायला गेला गेल्याच वर्षी.

बेल वाजली. दोन लहान, एक लांब. ती माझी बेल. मी कुणाच्याही दारात तशीच वाजवतो.

दार उघडलं, पैलवानाचा चेहरा आला, पातं वर गेलं. आणि मग नुसता लाल पडदा.

मी लगेच त्याला फोन लावला. म्हटलं, शाबासकी द्यावी.

"बोला दाजी," पैलवान म्हणाला. धडधाकट.

"चांगली केलीस. मानलं तुला."

"काय केली?"

"दार, जिना, डेमो. तुझं डोकं नाही हे. चिमणीने केलं ना?"

"दाजी, औषधाच्या गुंगीत मी आहे की तुम्ही? थांबा जरा, बेल वाजतेय."

मलाही ऐकू आली. दोन लहान, एक लांब.

"उघडू नको," मी म्हणालो.

"अहो, तुमचीच बेल आहे." कडी सरकल्याचा आवाज आला. मग तो हसला. "हे बघा. फोनवर पण तुम्ही आणि दारात पण तुम्ही. मिशी कधी लावलीत?"

त्यापुढचा आवाज मला नीट सांगता येत नाही. ओल्या गोणीत फावडं मारल्यासारखा. तो दोनदा आला. मग पैलवानाची बायको ओरडायला लागली आणि बराच वेळ थांबली नाही.

दवाखान्यात त्याच्या कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत चव्वेचाळीस टाके घातले. डावा खांदा उघडून हाड दिसत होतं, असं डॉक्टर म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. ही बाहेर बाकावर बसली होती.

"पोलिसांना चोर होता असं सांगितलंय," पैलवान पुटपुटला. "ताईसाठी. तुमच्यासाठी नाही."

"अरे, मी घरी होतो. तू माझ्याशी बोलत होतास."

"फोन खिशात ठेवून बोलत होतात." त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही. "मस्करीला हद्द असते, दाजी. पुन्हा मला तोंड दाखवू नका."

मी कान त्याच्यापुढे केला. म्हटलं बघ, लाल आहे का? पण त्याला कुठे ते माहीत होतं?

परत येताना मी माझे बूट बघितले. कोरडे. हात बघितले. म्हातारा माणूस दुपारी उठून कुठे जाऊन येतो आणि विसरतो, असंही होत असेल. पण मिशी कुठून आणणार?

५

दुसऱ्या दुपारी चिमणीला फोन केला. पैलवानाचं तिला कळलं होतं, चोराचंच. मी नुसतं विचारलं, बाटली काढून टाकायची कशी? तिने सांगितलं तशी काढली. सीडी मोडली. तुकडे कचऱ्यात टाकले.

"गेलं ना सगळं?" मी विचारलं.

"बाटलीतलं गेलं. खूण केली नव्हती ना तुम्ही?"

मी कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलं.

"बाबा. मग बाटलीतून जे बाहेर पडलं असेल, ते बाटलीबरोबर जात नाही. ते तुम्हाला शोधावं लागेल."

फोन ठेवला आणि मॅक उजळला. खेळ नाही, बाटली नाही, तरी डेमो चालू. खाली उजवीकडे पातं, आता मुठीपर्यंत काळपट. समोर आमचा जिना. पहिला मजला. खालच्या बाईंची छत्री. दुसरा मजला.

मी धावलो. दाराला साखळी लावली आणि डावा कान फळीला घट्ट दाबून उभा राहिलो. खालून पावलं येत होती. घाई नव्हती त्यांना.

"काय चाललंय?" ही डोळे चोळत आली. भावासाठी रडून डोळे सुजलेले.

"दार उघडायचं नाही."

"का?"

"त्याच माणसाने पैलवानाला मारलंय. तो येतोय. तो माझ्यासारखा दिसतो."

"अहो, माझा भाऊ तिकडे मरता मरता वाचला. निदान आज तरी नको."

"तुझी शपथ."

"माझ्या शपथेवर तुम्ही दोनदा मेलात."

बेल वाजली. दोन लहान, एक लांब. आणि बाहेरून माझाच आवाज आला, दात पडायच्या आधीचा, भरदार. "उघड गं. हात भरलेत माझे."

बाजारातून आलो की मी रोज हेच म्हणतो. ही माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली होती, खरंच आली होती, मी पाहिली. मग ती विरली.

"आवाज भरून फोन बाहेर ठेवलाय ना?"

"नाही."

"माझ्याकडे बघा."

तिने माझी हनुवटी धरली, तोंड उजवीकडे वळवलं आणि डावा कान बघितला. इतका वेळ फळीवर दाबलेला तो. निखाऱ्यासारखा झाला असणार, मला त्याची धग लागत होती.

"थापाडे," ती म्हणाली आणि साखळी काढली.

मी तिला मागे ढकललं आणि फटीत घुसलो, तिला माझी पाठच दिसली असणार. जे दिसलं ते एवढंच. मिशी. माझा चाळीस वर्षांचा चेहरा, स्कॅन करताना गालावर पडलेल्या रेघेसकट. मी घुसताना त्याच्या बाजूला गेलो, पण त्याला बाजू नव्हती. कुठूनही बघितलं तरी तो समोरूनच दिसत होता, कागदावरच्या चित्रासारखा. कुऱ्हाडीला मात्र जाडी होती.

घाव माझ्या डोक्यासाठी होता, मी वळलो म्हणून कान गेला. उडून भिंतीला चिकटला आणि घसरत खाली आला. दुसरा घाव खांद्यात. मी बाहेरच्या फरशीवर पडलो आणि तो मला ओलांडून आत गेला. दार लागलं. साखळी सरकली.

६

आतलं मला सगळं ऐकू येतं. एकाच कानाने, पण येतं.

"कोण होता हो तो?" हिने विचारलं.

"गेला तो."

"लागलं नाही ना तुम्हाला?" आणि मग, "मिशी लावलीत होय? त्यासाठी एवढं नाटक? बरी दिसते पण." ही हसली. मला आठवत नाही इतक्या वर्षांत ती माझ्या कुठल्या मस्करीला अशी हसली होती. त्याने कुऱ्हाड कुठे ठेवली, याचा काही आवाज आला नाही.

मी उठून बेलवर बोट ठेवलं. बोट सपाट भिंतीवरून घसरलं. कडी धरायला गेलो, ती हाताला लागली नाही. दाराला फट नाही, बिजागरी नाही. नखाने खरवडलं तर नखात रंग आला. मी हिला हाका मारल्या, सरळ मारल्या, एकही थाप न मारता. ती ओट्याशी भांडी लावत होती, गुणगुणत.

खाली जाऊन आलो. खालच्या बाईंचं दार रंगवलेलं. रस्त्यावर उघडणारं दारही रंगवलेलं, काम बऱ्यापैकी केलंय. परत वर येऊन इथे बसलो. रक्त थांबलंय. फरशीवर जे थेंब पडलेत त्यांना चार चार कोपरे आहेत. मी ते बराच वेळ बघत बसलो होतो.

मघाशी माझी खुर्ची करकरली. कळांचा आवाज सुरू झाला.

"आज कोणाला मारताय?" ही म्हणाली. "माझ्या आईला पुरे करा आता."

"आई झाली," माझा आवाज म्हणाला. "एकच राहिलाय."

पाकीट लिहून भरत आलं. लेकी, हे तुझ्या हाती लागलं तर आधी तुझ्या आईला त्या घरातून बाहेर काढ. दारात जो येईल त्याचा कान बघू नको, त्याला कडेने बघ.

खालून कुणीतरी जिना चढतंय. पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखं. वेग कमी करायचा चौकोन त्याला कुणी दाखवलेला दिसत नाही.